अक्षरांना बसवणारी शेवंताजिजी

शेवंताजिजीला इंग्रजी येत नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की येत असणार. मलाही तसंच वाटलं होतं. येत नाही हे कळलं तेव्हा मी हातातलं काम सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिले होते. आजही ते आठवलं की मी तशीच बघत राहते.

आमचं खातं भेस्तानला. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात. आमच्या खात्यात लेबलं विणतात. साडीच्या कोपऱ्याला किंवा शर्टाच्या कॉलरला आतून एक चकचकीत पट्टी शिवलेली असते, तिच्यावर कंपनीचं नाव असतं, ती पट्टी. खाली मशीनं, वर माळ्यावर आम्ही बायका. वर गरम तारेवर पट्ट्या कापायच्या, दुमडायच्या, पुड्या बांधायच्या. जिजी खाली मशीनवर होती. दोरा तुटला की जोडायचा, कांडी संपली की बदलायची, आणि बारा तास उभं राहायचं. खाली एकही स्टूल नव्हतं. बसलं की माणूस झोपतं, असं मोठ्या शेठचं म्हणणं होतं.

जिजी शिंदखेड्याकडची. अहिराणी सोडून दुसरं काही बोलायची नाही. शेठशी अहिराणी, चहावाल्याशी अहिराणी. समोरचा गुजराती असो की उडिया, त्यानंच समजून घ्यायचं. मी नांदेडकडची. पहिले दोन महिने मला तिचं अर्धंच कळायचं. बसणं याला ती बठणं म्हणायची, आणि हा शब्द तिच्या तोंडी दिवसातून शंभरदा यायचा, कारण तिला बसायला मिळत नव्हतं.

मी कामाला लागले त्याच आठवड्यात एकदा ताका, म्हणजे विणलेल्या लेबलांचा गठ्ठा, आणायला खाली गेले होते. मोठे शेठ एका पार्टीला घेऊन मशीनमधून वाट काढत आले. पार्टी म्हणजे साडीचा व्यापारी. त्याला नवी साडी काढायची होती, तिला नाव हवं होतं. इथल्या व्यापाऱ्यांची एक रीत आहे. नाव इंग्रजी हवं, आणि त्यात घरच्या मुलांची पहिली अक्षरं यायला हवीत. एकाचं जरी राहिलं तरी घरात भांडण. म्हणून लोक नावासाठी आमच्या शेठकडे येत, आणि शेठ त्यांना घेऊन सरळ जिजीसमोर उभे राहत.

"बोलो, छोकराओनां नाम," शेठ म्हणाले.

"विनोद, ललित, तरुण."

"जिजी, व्ही, एल, टी," शेठ मशीनच्या आवाजावर ओरडले.

जिजीनं डोळे मिटले. एक हात मशीनवरच होता. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी मनात पंधरापर्यंत मोजत गेले असेन नसेन, तिनं डोळे उघडले आणि एकेक अक्षर मोकळं करून सांगितलं, "व्ही, ई, एल, व्ही, ई, टी."

"व्हेल्वेट!" पार्टी ओरडली. त्या व्यापाऱ्यानं शेठच्या पाठीवर थाप मारली, जिजीला हात जोडले. जिजी तोवर वळून दोरा जोडत होती.

माझ्या काखेतला ताका खाली पडला. पायात चप्पल नसलेली, हिरव्या लुगड्याचा काचा मारलेली बाई, आणि हिला एवढं इंग्रजी! मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कुणीतरी गंमत केली असेल तुझी."

ओळख झाल्यावर मी धीर करून विचारलं, "जिजी, व्हेल्वेट म्हणजे काय?"

"माले काय माहीत व?"

"म्हणजे?"

"त्याना तिन्ही पोरे आत बठनात ना? मंग झायं."

तेव्हा मी तोंडाकडे बघत राहिले ती. तिला एकाही शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. शब्द म्हणजे तिच्या मते एक बाक. मुलांची अक्षरं त्यावर बसली पाहिजेत, कुणी उभं राहता कामा नये, आणि मधल्या रिकाम्या जागी शेजारचे कुणी येऊन बसले तरी चालेल. असे बाक तिच्याकडे हजारो होते. इतक्या वर्षांत जी जी लेबलं तिच्या मशीनवरून गेली, ती सगळी तिच्या डोक्यात होती. अक्षरांची नावं पहिल्या वर्षी मशीनं सांभाळणाऱ्या एका मास्तरानं मशीनवर बोट ठेवून सांगितली होती, तेवढीच तिची शाळा. पुढचं तिनं बघून बघून भरलं.

कधी शब्द बसायचा नाही. मग ती दिवसभर बेचैन. जेवताना भाकरी हातात धरून म्हणायची, "दख ना, आर उभा शे. सगळा बठनात, आरले जागा नही." जणू तिच्या घरी पाहुणा आला आहे आणि चटई कमी पडली आहे. संध्याकाळी अचानक माळ्याच्या जिन्याखालून हाक यायची, "बठना व, बठना!" आम्ही वर हसायचो. आमच्यातली रेखा म्हणायची, "आरला चहा पण पाज आता."

अर्थ माहीत नसल्याचं एकदा चांगलंच भोवलं. एक पार्टी आली, चार भावांची. एस, एच, आर, के. जिजीनं डोळे मिटले आणि सांगितलं, "एस, एच, आर, आय, एन, के." कपडा कसा धुवायचा ते सांगणारी छोटी लेबलंही आमच्याकडे विणली जातात, त्यांच्यावरून तिनं तो उचलला होता. पार्टीनं कागदावर लिहून बघितलं आणि कपाळाला लावलं. "अरे वाह! आगळ श्री छे!" नावाची सुरुवातच श्रीनं होते म्हटल्यावर त्यानं पुढचं वाचलंही नाही. लेबलं विणली, साड्यांना लागली, माल बाहेरगावी गेला. तिथल्या दुकानदारानं फोन करून विचारलं, साडीवर 'ही आटते' असं कशाला लिहून पाठवलंत?

शेठ संतापून खाली आले. आम्ही जिन्यावर गोळा झालो. मला वाटलं, गेली जिजी. जिजीनं शांतपणे पट्टीवर बोट फिरवलं. "दखा शेठ. चारी बठेल शेत. कोन उभा शे, सांगा."

शेठनी चारही अक्षरं बोटानं मोजली. पण खरा धक्का पुढे होता. पार्टीनं नाव बदलायला साफ नकार दिला. श्री एकदा लावलं ते काढायचं नसतं, आणि त्यात माल खपला होता. त्या साड्या अजून निघतात. लेबलं मी स्वतः दुमडते.

जिजीच्या पायांबद्दल लिहायला हवं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिच्या पोटऱ्यांवर नसा फुगून आल्या होत्या, निळ्या, पिळलेल्या, सुतळीसारख्या. ती त्यांवर लेबलाच्या वाया गेलेल्या पट्ट्या घट्ट गुंडाळायची. दुपारनंतर एक पाय कांड्यांच्या क्रेटवर ठेवायची, मग दुसरा. बगळीण म्हणायच्या तिला पोरी. दवाखान्यात सांगितलं होतं, उभं राहायचं काम सोडा, नाहीतर एखादी नस फुटेल. सोडून खाणार काय? नवरा नव्हता. मुलगी बारडोलीला, जावई ऊसतोडीचा, त्यांचंच त्यांना पुरत नव्हतं. म्हणून जिजीला एकच हवं होतं. "माले बठानं काम पाहिजे," एवढंच ती शेठना म्हणायची. आणि मोठे शेठ दर वेळी सांगायचे, "माझा मुलगा शिकून आला की वर डिझाईनच्या खोलीत बसवीन तुला. नावं सांगायची, दुसरं काही नाही." तिनं या एका वाक्यावर चार वर्षं काढली.

आता चहाच्या वेळची एक गोष्ट. माळ्यावर कापताना लेबलांची टोकं उरतात, एकेका अक्षराचे तुकडे. रेखानं ते डब्यात साठवले होते. चहाला जिजी वर आली की रेखा मूठभर तुकडे फरशीवर टाकायची, "लाव जिजी." जिजी ते सगळे तुकडे आधी उलटे करायची. सुलट बाजू खाली, दोऱ्यांची बाजू वर. मग भराभर सरकवून शब्द लावायची. आम्ही एकेक तुकडा जागीच सुलटा करून बघायचो, शब्द बरोबर असायचा. फक्त दिसायचा उजवीकडून डावीकडे.

"शायनिंग मारते," रेखा म्हणायची. "झाकून पत्ते खेळल्यासारखं."

जिजी नुसती हसायची. मलाही ती शायनिंगच वाटत होती. तिथे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग छोटे शेठ आले. मोठ्या शेठना घरीच बसावं लागलं, आणि डिझाईनच्या खोलीत नवा कॉम्प्युटर आला. त्यात अक्षरं टाकली की ती अक्षरं असलेले सगळे इंग्रजी शब्द खाली येत. आम्हाला वाटलं, झालं, जिजीचं काम गेलं. पण झालं उलटंच. यादी इतकी लांब यायची की पार्टी घाबरून जायची. शंभर नावांत बसून निवडायचं कुणी? छोट्या शेठना वडिलांचा शब्द आठवला. त्यांनी जिजीला वर बोलावलं.

मी तेव्हा खोलीत होते. पुड्या द्यायला गेले होते आणि जिजीला बघून तिथेच दारापाशी उभी राहिले. जिजी तोंड धुऊन, डोक्यावर पदर घेऊन आली होती. पायांवरच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या, बरं दिसावं म्हणून.

"मावशी, पी, एन, टी," छोटे शेठ म्हणाले. ते आमच्याशी हिंदीत बोलतात. "ये लिस्ट है. इसमें से पार्टी को अच्छे चार नाम दिखाने हैं."

जिजीनं डोळे मिटले.

"नहीं नहीं, आँख बंद नहीं. पप्पा का तरीका अलग था. स्क्रीन पे देखो. मुझे पढ़नेवाला आदमी चाहिए."

जिजीनं स्क्रीनकडे बघितलं. बघतच राहिली. मला वाटलं, आत्ता बोलेल. तिनं एक बोट वर केलं, एका अक्षरावर नेलं, पुन्हा खाली घेतलं. कपाळावर घाम आला. एसी चालू होता.

"पढ़ना नहीं आता?"

जिजीनं पदर पुढे ओढला.

"तो इतने साल नाम कौन बताता था? पीछे से कोई बोलता था क्या?" ते ओरडून बोलले नाहीत. त्यांना खरंच नवल वाटलं होतं, त्यामुळे ते जास्त लागलं. खोलीतला डिझाईनवाला हसला. जिजीचे कान लाल झाले. मग छोटे शेठ नरमले. वाईट माणूस नाही तो. "जाने दो. उमर हो गयी है. कल से पैकिंग में बैठो, लेबल गिनो."

पॅकिंगचं काम बसूनच असतं. म्हणजे तिला हवं होतं ते मिळालं होतं. पण तिचं तोंड मी बघत होते. चोरी पकडल्यावर होतं तसं झालं होतं ते, आणि तिनं चोरी केलेली नव्हती.

आणि त्या क्षणी मला ते दिसलं. फरशीवर उलटे करून ठेवलेले तुकडे दिसले. मशीनवर लेबल विणताना सुलट बाजू खाली असते. वर उभ्या असलेल्या माणसाला कायम मागची बाजू दिसते, आरशातल्यासारखी उलटी. ताका उतरला की तो बांधून सरळ माळ्यावर, आमच्याकडे. सुलटी अक्षरं आम्ही बघत होतो. जिजीनं बावीस वर्षं इंग्रजी फक्त पाठीकडून बघितलं होतं. ए, एम, टी असे काही दोन्हीकडून सारखेच, तेवढे तिला स्क्रीनवर ओळखू आले असतील. बाकीचे सगळे तोंड फिरवून बसलेले.

मी अकरा वर्षांत कुठल्या शेठशी एक शब्द बोलले नव्हते. हजेरीला नाव पुकारलं तरी मी हात वर करते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "उलटं करा ते."

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, जमीन फाटावी. मी पुडीतलं एक लेबल काढलं, उलटं केलं आणि जिजीच्या हातात दिलं. जिजीनं बघितलं न बघितलं आणि झरझर अक्षरं सांगितली. डिझाईनवाल्यानं लेबल हिसकून सुलटं करून बघितलं. बरोबर.

"ते कॉम्प्युटरमधलं उलटं करा," मी पुन्हा म्हणाले.

डिझाईनच्या प्रोग्रॅममध्ये चित्र उलटं करता येतं. त्यांनी ती यादी त्यात घेतली आणि उलटी केली. मला ती आता मुळीच वाचता येईना. जिजी मात्र एक पाऊल पुढे झाली आणि सुरू झाली. हा आपल्याकडे येऊन गेला. हा पण. हा नवा शे, पण चांगला शे. ह्यात एन मधे चेंगरायना, हाऊ नको. प्रिंट, पेंट, पॉइंट, एकेक अक्षर मोजून सांगत ती खालपर्यंत गेली, आणि शिवाय दोन शब्द असेही सांगितले की जे यादीत आणखी खाली, पुढच्या पानावर निघाले. डिझाईनवाल्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. छोटे शेठ खुर्चीतून उठले.

"आ तो उंधुं वांचे छे!" ही तर उलटं वाचते, असं ते ओरडले. त्यांनी खाली फोन लावून मास्तरला वर बोलावलं. तो आल्यावर पुन्हा वाचायला लावलं. मला आनंदानं रडू येत होतं. आता तिला पॅकिंगचीसुद्धा नाही, याच खोलीतली जागा मिळणार.

छोटे शेठ मास्तरला म्हणाले, "गेल्या महिन्याचा लॉट चुकीच्या अक्षरामुळे गेला ना? ताका उतरेपर्यंत कुणाला कळलं नाही. ही बाई मशीन चालू असतानाच पकडेल. आवुं माणस तो मशीन पर ज जोईए, मशीनवरच! चारही मशीनं हिच्याकडे द्या."

मास्तरनं मान हलवली. जिजीनंही हलवली. मी एकटीच तशी उभी. मला आधी कळलंच नाही काय झालं ते. जिना उतरताना कळलं आणि मी कठडा धरला. आयुष्यात एकदा मी तोंड उघडलं आणि एका बाईचं बसणं काढून घेतलं.

डिझाईनच्या खोलीत कॉम्प्युटर शिकलेली एक मुलगी आली. जिजी चार मशीनांमध्ये फिरू लागली. आधी एका जागी उभी असायची, आता चालत असायची. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहाला वर आली नाही. चौथ्या दिवशी जिन्याखाली गाठ पडली.

"तू कसाले बोलनी व?"

मी तिच्या पोटरीवरची सुटलेली पट्टी बघत होते.

"नही बोलती तं मी बठी जाती." मशीनं धडधडत होती. मग माझी वेणी ओढून म्हणाली, "पन मंग सगळा म्हनतात, मागून कोनी सांगे. बावीस वरीस मागून कोनी सांगे." आणि ती गेली. मला तिनं माफ केलं की नाही, हे मला त्यातून कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

पाच महिन्यांनी, दुपारी, खालून आरडाओरडा झाला. आम्ही धावत उतरलो. दोन आणि तीन नंबरच्या मशीनमध्ये जिजी उभी होती. उभीच. तिच्या पायाखाली रक्त होतं, इतकं की मला वाटलं रंगाचा डबा सांडला आहे. पोटरीतली नस फुटली होती. ती पायाकडे बघतही नव्हती, हातानं मास्तरला खुणावत होती. तीन नंबरवर एक अक्षर चुकत होतं. मास्तरनं आधी मशीन बंद केलं, मग तिला धरलं.

मी पदराचा बोळा करून जखमेवर दाबला. रिक्षा बोलावली. तिला उचलून न्यायला काही नव्हतं. डिझाईनच्या खोलीतली मुलगी तिथून तिची कामाची चाकांची खुर्ची जिन्यापर्यंत घेऊन आली, छोटे शेठ आणि मास्तर दोघांनी ती जिन्यावरून उचलून खाली आणली. जिजीला तिच्यात बसवलं. छोटे शेठ स्वतः ढकलत होते. मी बाजूनं वाकून तिचा पाय वर धरून चालले होते. चारही मशीनं बंद होती. इतक्या वर्षांत खात्यात एवढी शांतता मी ऐकली नव्हती. फक्त चाकांचा आवाज.

फाटकाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं रक्त बघितलं आणि घाईघाईनं पडदा वर केला. "चालो बेन, ऊठो, जल्दी."

मी जिजीच्या काखेत हात घातला. ती उठेना. तिनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले होते, पाठ मागे टेकली होती. तोंड पांढरं पडलं होतं. डोळे मिटले होते, पण ओठ हलत नव्हते. ती काही शोधत नव्हती.

"जिजी, ऊठ," मी म्हटलं. "जिजी, रिक्षा आली."

"आली ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दोन मिनिट बठू दे व माले."